चौदा छत्र्यांचा अंधार

बस्त्यावकाकांबरोबर कामाला जाताना पांढरा शर्ट घालायला बंदी होती. पांढराच नव्हे, फिकट निळा, फिकट पिवळा, धुऊन चमकणारं काहीच चालायचं नाही. ते स्वतः कायम गडद तपकिरी सदऱ्यात असत. असे पाच सदरे त्यांच्याकडे होते, पाचही एकाच ताग्यातले. निर्मळ गावात त्यांच्या आळीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी त्यांना सलग तीन रविवार चर्चमध्ये मिस्सेला त्याच रंगात पाहिलं आणि घरात कोण वारलं म्हणून हळूच चौकशी केली.

"रंग वारलेत, बाई," काका म्हणाले. "दगडावरचे. मी त्यांचा माग काढत असतो."

त्यांचं कागदोपत्री नाव सेबॅस्टियन डिमेलो. मुंबईतल्या एका संग्रहालयात चौतीस वर्षं छायाचित्रकार होते. निवृत्तीनंतर निर्मळच्या घरी परतले, पण काम सुटलं नाही. जुन्या मूर्ती आज आपल्याला काळ्या-करड्या दिसतात, तरी घडवल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच रंगवलेल्या होत्या. दगडावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. ऊन, पाणी, तेल आणि माणसांचे हात यांनी तो जातो. मात्र एखाद्या खाचेत, वस्त्राच्या चुणीत कुठेतरी कण राहून जातो. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. वेगळ्या दिव्याखाली किंवा वेगळ्या कॅमेऱ्यात कधीकधी दिसतो. काकांचं आयुष्य या कणांमागे गेलं.

माझी त्यांची ओळख आजीच्या जन्मतारखेमुळे झाली. आजीच्या वडिलांची एक चोपडी आमच्याकडे होती. आजीच्या जन्माची नोंद तीत होती, पण नेमकी तारखेवर निळी शाई सांडलेली. पहिला आकडा एक, हे स्पष्ट होतं. दुसरा शाईखाली. घरात सगळे सतरा म्हणत. उमेळ्याला आमच्या इमारतीत एक शिक्षिका राहतात, त्या म्हणाल्या, "निर्मळला डिमेलो म्हणून आहेत, पुसलेलं वाचून देतात."

काकांनी आधी मला हात धुवायला लावले. मग एक जुना डिजिटल कॅमेरा काढला. त्याच्या आतली एक काच त्यांनी स्वतः उघडून काढून टाकली होती. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्याला दिसत असे. त्यांनी फोटो काढला आणि पडद्यावर ती सांडलेली निळी शाई चक्क नाहीशी झाली. खालची काजळीची शाई तेवढी उरली. मी आनंदाने म्हणालो, "सात!"

"कुठे?"

"हा काय, सातच आहे."

"मला अर्धी गोलाई दिसते. उरलेला अर्धा कसरीने खाल्लाय. ती सात असेल, एकही असेल. दिसतं ते सांगा, सावंत. आहे ते सांगू नका."

मी एका औषध कंपनीत तपासणी विभागात आहे. काट्याने दाखवलेला आकडा लिहायचा, हवा असलेला नाही, हे आमच्याकडे रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी शिकवतात. पंचवीस वर्षं मी ते पाळतो आहे असं मला वाटत होतं. त्या दिवशी माझीच चोपडी समोर ठेवून या माणसाने मला पकडलं. आजीची तारीख अजूनही आमच्याकडे "सतरा किंवा अकरा" अशीच आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अक्षर बरं आहे तुमचं. रविवारी मोकळे असता का?"

अशी साधारण पाच वर्षं मी त्यांच्या नोंदी लिहिल्या. त्यांना लेखनिकापेक्षा डोळ्यांची जास्त गरज होती, हे मला उशिरा कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. वस्तू दिसत, पण सगळ्या पिवळट काचेतून पाहिल्यासारख्या. निळा आणि जांभळा तर जवळजवळ गेलेच होते. ज्या माणसाने जन्मभर रंग शोधले त्याने मोतीबिंदू का ठेवावा, हे मी विचारलं. उत्तर त्यांच्याच पद्धतीचं होतं. "पन्नास वर्षांच्या नोंदी या डोळ्यांनी केल्यात. मधेच डोळा बदलला तर मागच्याशी मेळ कसा घालणार?"

तोवर माझे डोळे. त्यातही नुसतं "लाल" म्हटलेलं त्यांना चालत नसे. कशासारखा लाल? त्यांची रंगांची मापं वाडीतली होती. पिकल्या वेलची केळ्याच्या सालीचा पिवळा, राजेळी केळ्याच्या सालीचा पिवळा, केळीच्या सुक्या पानाचा तपकिरी, ओल्या सोपटाचा, म्हणजे केळीच्या खोडाच्या आतल्या सालीचा, पांढरा. मी संगमेश्वरकडचा. वेलची आणि राजेळी यांच्या सालींतला फरक शिकायला मला दोन मोसम लागले. दर रविवारी काळपट शर्ट घालून निघताना सुनंदा, म्हणजे माझी बायको, विचारायची, "आज कोणाच्या दिवसाला?"

त्यांच्या सामानातली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे अंधार. जांभळ्या दिव्याचं काम अंधारात करावं लागतं. त्या दिव्याचा प्रकाश आपल्याला फारसा दिसत नाही, पण तो पडला की काही रंग, काही तेलं, काही डिंक आतून पेटल्यासारखे उजळतात. पण देवळं दिवसा उघडी असतात आणि काकांना रात्रीचं जागरण मानवत नसे. म्हणून त्यांच्या पत्नीने, सांतानमावशींनी, मोडलेल्या छत्र्यांचं काळं कापड जोडून एक मोठी चादर शिवून दिली होती. दुहेरी. चौदा छत्र्या लागल्या, मी पाकळ्या मोजल्या आहेत. मावशी मी ओळखायच्या आधीच गेल्या होत्या. ती चादर दारावर टांगताना काका प्रत्येक वेळी शिवणीवरून अंगठा फिरवत. उसवलीय का पाहतो, असं म्हणत. पाच वर्षांत ती एकदाही उसवली नव्हती.

आता चांदीपच्या पलीकडच्या त्या गावाची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही.

तिथे भाताच्या शेतांच्या कडेला एक लहान देऊळ आहे. आत छातीएवढ्या उंचीची विष्णूची उभी मूर्ती. जाणकार ती शिलाहार राजांच्या काळातली, हजारेक वर्षं जुनी असावी म्हणतात. देवस्थान समितीने ठरवलं होतं की मूर्ती मशीनने घासून स्वच्छ करायची आणि वरून वज्रलेप द्यायचा. हेतू चांगलाच होता. पण घासलं की खाचांत जे काही उरलं असेल ते कायमचं गेलं. काकांना हे फुलं पोचवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं आणि ते न बोलावता मला घेऊन समितीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष दामूशेठ, साठीचे, सरळ गृहस्थ.

"मूर्तीवर जुना रंग आहे?" दामूशेठ म्हणाले. "आम्ही तर जन्मापासून काळीच बघतो."

"आहे म्हणत नाही. पाहू द्या म्हणतो."

"मशीनवाला सोमवारी येतोय. रविवार तुमचा. रंग निघाला तर मशीन परत पाठवतो. नाही निघाला तर मधे पडायचं नाही. शब्द?"

"शब्द," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. स्कूटरवर परतताना देवळाशी थांबून त्यांनी दारातूनच मूर्ती पाहिली. संग्रहालय सोडल्यापासून त्यांनी इतकी जुनी, इतकी कमी हात लागलेली मूर्ती पाहिली नव्हती. तिच्यावर काही असेल तर ते पाहणारी शेवटची माणसं आम्हीच होतो.

रविवारी सकाळी नऊला पोचलो तर देऊळ लखलखीत. अंगण सारवलेलं, दाराला तोरण, मूर्ती धुऊन पुसलेली. बावीस माणसं जमली होती. आम्ही चादर टांगली. दामूशेठ आणि समितीचे चौघे आत थांबले. काकांनी दिवा लावला.

मूर्ती पेटली. दुसरा शब्द मला सुचत नाही. छाती, पोट, चारही हात, मुकुट, सगळं गार निळ्या उजेडाने भरून गेलं. समितीतला एक जण ओरडला, "निळा! अरे, देव निळाच होता!" बाहेर बातमी गेली आणि टाळ्या ऐकू आल्या. कोणीतरी घंटा वाजवली. मी वहीत लिहिलं: निळा, तेजस्वी, सर्वांगावर.

 काकांना ते फिकट, राखेसारखं काहीतरी दिसत असणार. त्यांनी विचारलं, "सगळीकडे सारखा आहे की कुठे कमीजास्त?"

"सारखा. खाली पायांशी ओघळ आल्यासारखा."

"ओघळ." काका पुटपुटले. "दामूशेठचा सदरा कसा दिसतो?"

मी वळून पाहिलं. अंधारात दामूशेठचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो त्यांचा खास त्या दिवसासाठी घातलेला पांढरा सदरा, आणि तो गार निळा उजळला होता. मूर्तीसारखाच. शेजारच्या चौघांचेही तसेच.

मी गप्प राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही. आयुष्यात न मोजलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. मला समोर दिसत होतं की मी "वेगळा आहे" म्हटलं तर मशीन परत जाईल. आणि माझ्याशिवाय काकांना हे सांगणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"सावंत, दिसतं ते सांगा."

"तोच आहे, काका. अगदी तोच."

त्यांनी दिवा बंद केला, चादर बाजूला केली आणि बाहेर जाऊन विचारलं, "काल मूर्ती कोणी धुतली?"

हिराबाई पुढे आल्या. दामूशेठच्या आत्या, वय सत्तरीच्या पुढे. तीस वर्षांपासून देवळाची झाडलोट त्यांच्याकडे. कौतुक होणार अशा चेहऱ्याने त्या म्हणाल्या, "मीच. पाव्हनं फोटो काढाया येनार म्हनून चांगली दोनदा धुतली. एरवी नुसतं पानी घालते, काल पावडर घेतली. पाकीट नवीन फोडला."

"कपड्यांची?"

"मंग? भांड्यांची कशी घेईन देवाला?"

काकांनी सगळ्यांना समजावलं. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात ते या दिव्याखाली असंच निळं पेटतं. हा निळा देवाचा नाही, पाकिटातला आहे. गर्दी हळूहळू पांगली. दामूशेठ म्हणाले, "म्हणजे रंग नाही."

"अजून नाही."

"पाच वाजेपर्यंत थांबतो. मग शब्द तो शब्द."

आम्ही पायरीवर बसलो. मी चिडलो होतो, आणि थोडा माझ्यावरच. म्हणालो, "काका, तुम्ही काहीच बोलला नसता तर मूर्ती वाचली असती. खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं."

त्यांनी पिशवीतून केळं काढलं आणि अर्धं मला दिलं. मग त्यांनी संग्रहालयातली एक हकिकत सांगितली. तरुणपणी एका दगडी मस्तकाच्या केसांत त्यांना असाच निळा सापडला होता. साहेब खूश झाले. मस्तकाखाली पाटी लागली, "मूळ निळ्या रंगाचे अवशेष". अकरा महिन्यांनी काकांनी दिव्याखाली सहज धूळ पुसायचा फडका धरला, तर तोही निळा. फडके पावडरीत धुतले जात होते. ते साहेबांकडे गेले आणि पाटी काढा म्हणाले. साहेब महिनाभर बोलले नाहीत, पण पाटी निघाली.

"मग झालं की."

"कुठे झालं? त्या अकरा महिन्यांत शाळांच्या सहली किती आल्या ते मी रजिस्टरवरून काढलं. त्रेसष्ट. प्रत्येक सहलीतली दोन-तीन मुलं तरी पाटी वहीत उतरवून घेतात. त्यांच्या वह्यांमधून ती कशी काढू?"

दुपारी आम्ही करता येईल तेवढं केलं. साध्या पाण्याने दोन ठिकाणं हलकी पुसून पाहिली, काच काढलेल्या कॅमेऱ्याने एकोणतीस फोटो घेतले. काही नाही. दिसणारा प्रत्येक भाग हिराबाईंनी इमाने घासला होता. साडेतीनला काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हरलेला माणूस कसा बसतो ते मी तेव्हा पाहिलं.

हिराबाई दाराशी उभ्या होत्या. सकाळपासून त्या जेवल्या नव्हत्या. "माज्या हातानं गेला का रं रंग?" त्यांनी काकांना विचारलं.

"नाही बाय. तुम्ही जन्मायच्या आधीच गेलाय. तुम्ही फक्त काल त्यावर दिवा लावलात."

त्या हसल्या नाहीत. मूर्तीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगला घासला मी, पन एक जागा राहते. डाव्या कानामागं, मुकुटाखाली भेग हाय. बोट जात नाय तिथं. दिवालीला काडी घालून बघते, काडी पन वाकडी होते. तीस वरसं माज्या मनात सलते ती घान."

काका उभे राहिले. त्यांच्या पिशवीत दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा होता. तो माझ्या हातात देत ते म्हणाले, "घाई नको. आधी श्वास सोडा, मग पाहा."

भेग मूर्तीच्या मागच्या बाजूला होती, आरशाशिवाय दिसणं अशक्य. बॅटरीच्या उजेडात प्रथम नुसता काळा मळ. मग एका ठिकाणी, मळ खपली धरून सुटला होता तिथे, रंग.

"लाल आहे."

"कशासारखा?"

"कुंकवासा..."

"कुंकू म्हणू नका. वर काय आहे? खाली काय?"

मी तीनदा पाहून सांगितलं. सगळ्यांत वर मळ. त्याखाली लाल. लाल जिथे संपतो तिथे खाली पांढरी कड, सोपटाच्या पांढऱ्यासारखी. त्याखाली दगड. काकांनी हिराबाईंकडून चिमूटभर कुंकू मागितलं, कागदावर ठेवून भेगेशेजारी धरलं, आणि पुन्हा चौदा छत्र्यांचा अंधार झाला. जांभळ्या दिव्याखाली कुंकू निखाऱ्यासारखं पेटलं. पावडरीचा निळा भेगेच्या तोंडाशी थांबला होता. आतला लाल मात्र पेटला नाही. मुकाट काळा राहिला.

मोजला. लांबी अकरा मिलिमीटर, रुंदी चार.

दामूशेठ आले. "म्हणजे देव लाल होता?"

"देवाचं मला माहीत नाही," काका म्हणाले. "कानामागची एवढी जागा कधीतरी चुना देऊन लाल रंगवली होती. हे आजचं कुंकू नाही, आणि त्याच्यावर मळ बसायला पुष्कळ काळ गेलाय. एवढंच दिसतं."

"चार मिलिमीटरसाठी मशीन परत पाठवू? लोक काय म्हणतील मला?"

 शब्द दामूशेठने दिला होता, त्याची आठवण करून देणं काकांना बरं वाटलं नसावं. बोलल्या हिराबाई.

"दाम्या, मी तीस वरसं ज्याला घान समजून काडी घालत हुते तो देवाचा रंग निघाला. माजी काडी वाकली म्हनून वाचला. तुजं मशीन वाकनार हाय का?"

 दामूशेठ खिशातून मोबाईल काढून अंगणात गेले. मशीनवाल्याला "येऊ नको" म्हणताना त्यांचा आवाज आम्हाला आत ऐकू आला. काका तेव्हा चादर उतरवत होते. शिवणीवर अंगठा ठेवून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होकार दिला. पण एकाच डोळ्याच्या, उजव्याच्या. डॉक्टर म्हणाले, डावाही महिन्याने करून टाकू. काका म्हणाले, मधे थोडा वेळ द्या, मला दोघांना शेजारी ठेवून पाहायचंय. पट्टी निघाली त्या दिवशी मी गेलो तर ते पडवीत बसून एक डोळा झाकत होते, मग दुसरा. समोर मोगरा. "याने पांढरा. याने वेलचीच्या सालीचा," ते म्हणाले. "आणि मी एवढी वर्षं यालाच पांढरा म्हणत होतो."

दोन महिन्यांनी, डोळा पुरता निवल्यावर, आम्ही त्या गावी गेलो. हिराबाई आता नुसतं पाणी घालतात. भेगेजवळ कोणी बोट नेलं तर ओरडतात. आरसा या वेळी काकांनी स्वतः धरला. तो लाल त्यांनी तोवर फक्त माझ्या शब्दांत आणि मोतीबिंदूने पिवळट दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला होता. मी त्यांचं कोपर धरलं.

"लिहा," ते म्हणाले. "उजवा डोळा: लाल. डाळिंबाच्या दाण्याचा नाही, सालीचा." मग उजवा झाकला. "डावा डोळा: तपकिरी. केळीचं सुकं पान."

मी पेन थांबवलं. "डावा कशाला लिहायचा, काका? खरा तर उजव्याचाच ना?"

"दिसतंय ना दोन्हींनी? दोन्ही लिहा."

मी दोन्ही लिहिलं. वहीतली ती शेवटची नोंद. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन राहून गेलं. त्याआधीच, फेब्रुवारीत, ते झोपेत गेले.

पण मला ते आठवतात ते त्या दिवशी परतताना. भात पिवळं पडायला लागलं होतं, बांधावर कोणीतरी झेंडू लावला होता. मी स्कूटर सावकाश चालवत होतो. मागे त्यांना झोप लागली की काय म्हणून मी आरशात पाहिलं. चादरीची पिशवी मांडीवर घेऊन ते शेताकडे तोंड करून बसले होते. उजवा डोळा झाकत होते, मग डावा, मग पुन्हा उजवा. मी वेग आणखी कमी केला.